पहिला काटा रोखीने

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्याही बागेच्या बांधावर थोडा वेळ उभे राहा. किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी बागायतदार आणि व्यापारी यांची घासाघीस चाललेली असते. क्रेटचे वजन किती धरायचे, घट किती कापायची, पैसे आज की आठ दिवसांनी, रोख की चेक, सगळे तोंडावर विचारले जाते. या माणसांना भोळे समजण्याची चूक कोणी करू नये. आणि अशाच एका बागायतदाराच्या घरातली बी.कॉम. झालेली मुलगी, जिचा हिशोब बापापेक्षा पक्का आहे, ती रात्री साडेअकराला कधी न पाहिलेल्या माणसाला, कोणा अनोळखी ट्रेडर्सच्या खात्यावर, अठ्ठावीस हजार रुपये पाठवते. का, तर तिला घरबसल्या नोकरी लागली आहे.

ही मुलगी म्हणजे खरी कोणी एक व्यक्ती नव्हे. अशा फसवणुकीचा जो ठरलेला साचा आहे, त्यात बसवून मी ती उभी केली आहे. पण साचा अगदी खरा आहे, आणि प्रश्नही खरा आहे: नोकरी म्हणजे पैसे मिळण्याची जागा, तिथे माणूस उलट पैसे भरायला तयार होतो कसा?

‘मूर्ख होती म्हणून फसली’ हे उत्तर सोपे आहे, म्हणून लोकप्रिय आहे. ते चुकीचेही आहे. ही फसवणूक एका उडीत होत नाही, पायरी-पायरीने होते, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून पाहिली तर जेमतेम वीतभर उंच दिसते.

बागेतली जुनी युक्ती

खरे तर दिंडोरीला ही युक्ती माहीत आहे, फक्त वेगळ्या वेषात. परराज्यातला एखादा व्यापारी येतो. पहिला माल तोडतो, काटा झाल्याबरोबर नोटा मोजून देतो. दुसऱ्या तोडीलाही रोख. आजूबाजूच्या चार बागायतदारांना बातमी जाते की माणूस सरळ आहे. तिसऱ्या खेपेला तो अर्धे पैसे देतो, अर्ध्याचा चेक. मग हंगामाच्या ऐन भरात एकदम पाच-सहा गाड्या उधारीवर भरतो, आणि त्यानंतर त्याचा फोन बंद लागतो. चेक वटत नाही. नाशिक जिल्ह्यात असे प्रकार इतके वाढले होते की २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांना शेतकऱ्यांचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडावी लागली.

या व्यवहारात फसवणूक कुठे झाली? शेवटच्या गाडीला, असे आपण म्हणतो. मला वाटते ती पहिल्या काट्यालाच झाली. त्या रोख नोटा मालाची किंमत नव्हत्या. पुढच्या सहा गाड्या उधारीवर मिळाव्यात म्हणून केलेली ती पेरणी होती. घरबसल्या कामाची बनावट नोकरी नेमकी याच गणितावर चालते. फरक इतकाच की बागेतला व्यापारी निदान चेहरा दाखवतो.

संदेश इतका भाबडा का असतो?

सुरुवात व्हॉट्सअॅपवरच्या एका संदेशाने होते. ‘नमस्कार, मी अमुक कंपनीच्या एचआर विभागातून बोलते. आपला बायोडेटा आम्हाला आवडला. रोज एक-दोन तास मोबाइलवर काम, दिवसाला तीन ते पाच हजार.’ बायोडेटा कुठे पाठवला होता, ते विचारले तर ‘ऑनलाइन पोर्टलवरून मिळाला’. नंबर अनेकदा परदेशी. भाषा मोडकी.

असा संदेश पाहून बहुतेक जण हसतात आणि पुसून टाकतात. मग फसवणारे जरा शहाणा मजकूर का लिहीत नाहीत? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉरमॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये या कोड्याचे उत्तर मांडले. संदेश पाठवणे जवळजवळ फुकट आहे. महाग आहे तो त्यानंतर एकेका माणसाशी तासन् तास बोलण्याचा वेळ. जो अर्ध्या वाटेवर शंका काढून निघून जाईल, त्याच्यावर घालवलेला वेळ फुकट. त्यापेक्षा सुरुवातीचा संदेशच असा ठेवायचा की संशयी माणूस पहिल्या ओळीला गळेल. आपण धान्य चाळतो तेव्हा कामाचे ते चाळणीत राहते. इथे चाळणीत कोण उरतो, तर ज्याला त्या क्षणी कामाची निकड आहे तो. त्याची बुद्धी कमी असते असे नाही. गरज जास्त असते.

आणि ही गरज दिंडोरीसारख्या गावात भरपूर आहे. नाशिक जेमतेम २५ किलोमीटरवर, पण रोज जाऊन-येऊन नोकरी करायची तर प्रवासात आणि डब्यात पगाराचा चांगला वाटा जातो. लग्न झालेल्या, लहान मूल असलेल्या बाईला तर घरून काम म्हणजे एकमेव उरलेली वाट. शिवाय कोविडच्या काळाने एक गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पाडली: साहेब न पाहता, कचेरीत पाऊल न टाकता, फोनवर मुलाखत देऊन खरीखुरी नोकरी मिळू शकते. २०१९ पर्यंत जे ऐकून आई म्हणाली असती ‘असलं कुठं असतं का’, ते २०२१ नंतर शेजारच्या घरात दिसू लागले. खोट्याला खऱ्याची सावली मिळाली.

ही लाट नुसती आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अशा ‘टास्क’ म्हणजे छोटी-छोटी कामे देऊन केलेल्या फसवणुकीची २०२० मध्ये एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या, आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच २०,००० च्या आसपास.

दोनशे रुपयांची पेरणी

आता काम सुरू होते. तीन व्हिडिओ ‘लाइक’ करा, स्क्रीनशॉट पाठवा. किंवा नकाशावरच्या एखाद्या हॉटेलला पाच तारे द्या. दहा मिनिटांत आपल्या गोष्टीतल्या मुलीच्या खात्यात १५० किंवा २१० रुपये येतात. खरे पैसे. बँकेचा खरा एसएमएस. ती आईला दाखवते, आईही चकित.

इथे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे ‘हे फसवे असेल’ या शंकेला पुराव्यानिशी उत्तर मिळते. दुसरी अधिक खोल आहे. १९६६ मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. घराच्या अंगणात ‘गाडी सावकाश चालवा’ असा भलामोठा, कुरूप फलक लावू द्याल का, असे विचारल्यावर १७ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या काही घरांना मात्र दोन आठवडे आधी तीन इंची, तशाच अर्थाचे चिटोरे लावायला दिले होते. त्यांच्यात मोठ्या फलकाला ७६ टक्के होकार मिळाला. छोट्या होकाराने माणूस स्वतःकडेच वेगळ्या नजरेने पाहू लागतो: मी या कामातला आहे. तीन व्हिडिओ लाइक करणारी मुलगी संध्याकाळपर्यंत स्वतःला त्या कंपनीची कर्मचारी समजू लागलेली असते.

त्या दोनशे रुपयांबद्दल आणखी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. ते पैसे फसवणाऱ्याच्या खिशातून येतीलच असे नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या कुणा फसलेल्याच्या रकमेतून वळवलेले असतात. त्यामुळे पुढे पोलीस पैशाचा माग काढू लागले की या मुलीचे स्वतःचे खातेही गोठवले जाण्याची शक्यता असते, तिने एक पैसाही गमावला नसला तरी.

व्हॉट्सअॅपवरून टेलिग्रामवर

दुसऱ्या दिवशी ती ‘एचआर’वाली तिला टेलिग्रामवर ‘मेंटॉर’कडे सोपवते. ही बदली उगाच नसते. टेलिग्रामवर फोन नंबर न दाखवता नुसत्या नावाने वावरता येते, आणि समोरच्याच्या फोनमधले संदेशही पाठवणाऱ्याला मागाहून पुसता येतात. या सोयी प्रामाणिक माणसांसाठीही आहेतच. पण चोराला त्या जास्त मानवतात.

मग गट. त्यात चार-पाच ‘सहकारी’. कोणी लिहिते, ‘मी आज ५,००० भरले, ६,५०० आले’, सोबत बँकेचा स्क्रीनशॉट. कोणी शंका विचारते, दुसरा तिचे समाधान करतो. आपल्या मुलीला वाटते, या बाईने माझ्याच मनातले विचारले. ती बाई नसतेच. त्या गटात खरी एकटी ही मुलगीच असते; बाकीची सारी नावे एकाच टोळीची.

समोर सगळे एकमुखाने बोलत असले की माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही अविश्वास दाखवतो, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५१ मध्ये दाखवले होते. कागदावरच्या तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेइतकी लांब कोणती, इतका सोपा प्रश्न. पण खोलीतल्या इतरांनी (ते प्रयोगकर्त्याचेच हस्तक होते) ठरवून चूक उत्तर दिल्यावर जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी तेच चूक उत्तर दिले. तिथे पैशाचा संबंधही नव्हता.

खडूने लिहिलेली शिल्लक

तिसऱ्या दिवशी नवा शब्द येतो: ‘प्रीपेड टास्क’. म्हणजे आधी १,००० रुपये भरायचे, काम करायचे, १,३०० परत. ते खरोखर परत येतात. मग ५,००० भरायचे. या वेळी परतावा बँकेत येत नाही, एका वेबसाइटवरच्या तिच्या ‘खात्यात’ जमा होताना दिसतो. ६,५००. मग ११,०००.

सगळ्या प्रकरणातली मेख इथे आहे, म्हणून जरा थांबू. गावातल्या दुकानदाराने भिंतीवरच्या फळ्यावर खडूने ‘तुमचे माझ्याकडे ११,००० जमा’ असे लिहिले, तर ते पैसे झाले का? उद्या तो शून्य पुसेल किंवा दोन शून्ये वाढवेल. बँकेच्या पडद्यावरच्या आकड्यामागे बँक, रिझर्व्ह बँक आणि कायदा उभा असतो. या वेबसाइटवरच्या आकड्यामागे फक्त खडू आहे. दिसायला मात्र दोन्ही सारखेच: तोच ठसा, तेच हिरवे अक्षर, तीच ‘विड्रॉ’ची कळ.

आणि ती कळ दाबली की अडचणी सुरू होतात. ‘हा तीन कामांचा संच आहे, मधेच पैसे निघत नाहीत.’ संचातले दुसरे काम १२,००० चे, तिसरे २८,००० चे. ते केल्यावर, ‘तुम्ही चुकीची कळ दाबली, तुमच्यामुळे गटातल्या तिघांचे पैसे अडकले.’ मग ‘दंड’, ‘कर’, ‘क्रेडिट स्कोअर दुरुस्ती’. गटातली ‘ताई’ रडवेल्या सुरात लिहिते, माझ्या मुलाची फी आहे हो त्यात. अर्ध्या तासाची मुदत.

रात्री साडेअकराला २८,००० पाठवणारी मुलगी आता कमाईच्या लोभाने पाठवत नाही. ती आधीचे १७,००० वाचवायला पाठवते. माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा नुकसानीची टोचणी जास्त लागते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. आपल्याकडे विहिरीला पाणी लागले नाही म्हणून आणखी दोन परस खोदणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. ‘एवढे घातले, आता थोडक्यासाठी कशाला सोडा.’

हैदराबादचे प्रकरण या सगळ्याचा आकार दाखवते. जुलै २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांनी टास्क-फसवणुकीची एक टोळी पकडली. सुरुवात एका तक्रारदारापासून झाली होती. त्याने आधी १,००० रुपये भरले आणि ८६६ रुपये नफा मिळवला. मग २५,००० वर २०,००० नफा दिसला, पण काढता येईना. शेवटी त्याचे २८ लाख रुपये गेले. पोलिसांच्या तपासात फसवणुकीची एकूण रक्कम ७१२ कोटींवर गेली आणि फसलेल्यांची संख्या १५,००० च्या घरात. ८६६ रुपये पेरून २८ लाख: द्राक्षाच्या व्यापाऱ्याला इतका उतारा कधी मिळाला नसेल.

पैसे जातात कुठे?

तिने पैसे पाठवले ते खाते कुणाचे? टोळीच्या म्होरक्याचे नक्कीच नाही. ते बहुधा एखाद्या कॉलेजच्या पोराचे, रिक्षाचालकाचे किंवा कागदावरच्या दुकानाचे असते. त्याने थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात दिलेले असते. या भाड्याच्या खात्यातून रक्कम काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटते, तिथून आणखी पुढे. पाटाचे पाणी सारीत, सारीतून वाफ्यात, वाफ्यातून जमिनीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी अशा शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा शेवटचे टप्पेही सांगितले होते: आभासी चलन, परदेशातल्या एटीएममधून काढलेली रोकड, आंतरराष्ट्रीय वित्त-कंपन्या. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे या जाळ्याचे मुख्य लक्ष्य असल्याचेही त्याच निवेदनात होते.

पाणी वाफ्यात मुरण्याआधी बारे अडवले तरच उपयोग. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लवकर फोन करायला सांगतात. त्या फोनवरून तुमच्या व्यवहाराची माहिती संबंधित बँकेकडे जाते, आणि रक्कम जिथे अजून पडून असेल तिथे ती गोठवता येते. गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. तिच्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो. पण गोठलेलीच नसेल तर आदेश कशावर मिळणार?

बँक भरपाई देईल या आशेवर मात्र राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन ग्राहकाने स्वतःच्या बोटांनी दाबलेला असतो.

दुसरा नमुना: डेटा एन्ट्रीचा करार

वरच्या प्रकारात माणूस निदान आशेवर पैसे भरतो. दुसरा प्रकार भीतीवर चालतो आणि मला तो अधिक नीच वाटतो. पाच दिवसांत ५०० अर्ज टाइप करा, २०,००० मिळतील. आधार, सही, ऑनलाइन करार. अर्ज म्हणजे धूसर चित्रे. अक्षर लागत नाही. बिचारी व्यक्ती रात्र जागून काम पुरे करते. सहाव्या दिवशी निरोप: अचूकता ९० टक्क्यांहून कमी, करारभंग झाला, सहा हजार भरा, नाहीतर कोर्टात केस. मग ‘वकिलाचा’ फोन, अशोकस्तंभ छापलेली नोटीस, ‘आज पाचपर्यंत भरले नाहीत तर पोलीस घरी येतील.’

अचूकता मोजणारेही तेच, हे लक्षात घ्या. आणि खासगी करार मोडल्याबद्दल संध्याकाळी पाचला पोलीस घरी येत नाहीत. तो दिवाणी वाद असतो, आणि न्यायालयाचे समन्स व्हॉट्सअॅपवर धमकी देऊन पैसे मागत नाही. नोटिशीवर ताज्या व्यवहारासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४२० दिसले तर तेही ओळखून घ्या: १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. बनावट नाव धारण करून संगणकाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे घाबरायचे कोणी, ते तुम्हीच ठरवा.

पलीकडे कोण आहे?

एक विचित्र वळण सांगितल्याशिवाय हा विषय संपत नाही. तिकडून ‘हॅलो डिअर’ लिहिणारा अनेकदा स्वतःच बनावट नोकरीचा बळी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीला जुंपले गेले असावे. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी, असे सांगून नेलेली मुले सीमेपलीकडच्या कुंपणात पोहोचतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सोत इथून अशा कुंपणांतून सुटलेले ५४९ भारतीय दोन दिवसांत परत आणले. त्यानंतरच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली.

चौकट: नोकरी खरी की खोटी?

• पगाराआधी तुमच्याकडून पैसे मागितले, मग ते नोंदणी, लॅपटॉप, प्रशिक्षण, अनामत काहीही म्हणोत, ती नोकरी नव्हे.
• यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. कंपनीऐवजी भलतेच नाव असेल तर तिथेच थांबा.
• कंपनीला २१ अक्षरांचा सीआयएन क्रमांक असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. पण चोर खऱ्या कंपनीचा क्रमांकही वापरतात, म्हणून तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून स्वतः फोन करा.
• आपले बँक खाते, एटीएम कार्ड किंवा सिम भाड्याने देऊ नका. आरोपीच्या यादीत पहिले नाव तुमचे येईल.
• ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच धंद्यातला पुढचा माणूस समजा.

दिंडोरी नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते. तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवरही देता येते. गट सोडू नका, गप्पा पुसू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. नाहीतर समोरचाच पुसून मोकळा होईल. तक्रारीला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लागतो. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो आणि अॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. पण तो शोधण्यात, घरच्यांना काय सांगायचे याचा विचार करण्यात, किंवा ‘सकाळी बघू’ म्हणण्यात वेळ घालवू नका. आधी १९३० लावा. यूटीआर फोन चालू असतानाही शोधता येतो.